उलट्या तोटीची झारी कुणी केली? गमतीदार कला आणि डिझाइन इंटरनेटवर शोधण्याची रीत

व्हॉट्सॲपवर एक फोटो अधूनमधून फिरत येतो. झाडांना पाणी घालायची झारी, पण तिची तोटी पुढे जायची सोडून मागे वळलेली आणि झारीच्याच तोंडावर येऊन थांबलेली. पाणी घालायला जावं तर ते परत आत. खाली कुणीतरी ‘जपानी डोकं!’ असं लिहिलेलं, त्याखाली चार हसरे चेहरे. फोटो पुढे जातो आणि विषय तिथेच संपतो.

ही झारी जपानी नाही. अथेन्सच्या आर्किटेक्ट कातेरिना काम्प्रानी यांच्या ‘द अनकम्फर्टेबल’ या मालिकेतली ती एक वस्तू आहे. रोजच्या वापरातली वस्तू घ्यायची आणि तिच्यात नेमका एकच बदल असा करायचा की ती वापरणाऱ्याला छळेल, हा त्यांचा खेळ. साखळीच्या दांड्याचा काटा, काँक्रीटची छत्री, पुढून बोटं उघडी टाकणारे पावसाळी बूट हे सगळं त्याच मालिकेत आहे. एक नाव हाती आलं आणि एका फोटोच्या जागी अख्खं दालन उघडलं. नव्याने पाहायला लागलेल्यांना माझं सांगणं एवढंच आहे की चित्रांच्या मागे लागू नका, ती करणाऱ्या माणसाच्या मागे लागा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच.

पायरी १: सर्चमध्ये काय टाकायचं

‘क्रिएटिव्ह आर्ट’ किंवा ‘युनिक डिझाइन’ असं टाकलंत तर भिंतीवर लावायच्या वस्तूंच्या जाहिराती आणि बाटली रंगवायचे व्हिडिओ मिळतील. विशेषणांनी शोधू नये. त्या त्या प्रकाराला करणारे लोक स्वतः जे नाव वापरतात ते टाकावं, आणि इंग्रजीत टाकावं, कारण जगभरचे बहुतेक कलाकार आपल्या कामाला इंग्रजीतही लेबल लावतात.

सुरुवातीला पुरतील असे काही शब्द देतो. ‘ऑटोमाटा’ म्हणजे दांडा फिरवला की हलणारी लाकडी-यांत्रिक चित्रं. गणपतीत पुण्याचे हलते देखावे पाहत वाढलेल्यांना हा प्रकार समजावायला नको. ‘कायनेटिक स्कल्प्चर’ म्हणजे हलणारं शिल्प. ‘पेपर इंजिनीअरिंग’ टाकलं की उघडताच उभी राहणारी कागदी रचना सापडते. ‘जनरेटिव्ह आर्ट’मध्ये कलाकार नियम लिहितो आणि चित्र संगणक काढतो. ‘नेट आर्ट’ म्हणजे वेबसाइट हेच कलाकृतीचं माध्यम. शब्दाला एखाद्या साहित्याची जोड दिली, कागद, तार, साबण, भाजी काहीही, तर निकाल आणखी नेमके येतात. आणि गूगलवर नको त्या साइटच्या पत्त्याआधी ‘-site:’ लावलं (उदाहरणार्थ ‘-site:pinterest.com’) की ती यादीतून गळते. मी पिंटरेस्टला बहुतेक वेळा उणे करतो. चित्रं तिथे भरपूर असतात, पण पिनवरून पिनवर जाताना कलाकाराचं नाव फार वेळा वाटेत सांडतं.

पायरी २: फोटोवरून माणसापर्यंत

ही पायरी नीट जमली तर बाकीच्या सोप्या आहेत.

आलेला फोटो आधी कापून घ्या. वरची ओळ, खालचा लोगो, हसरे चेहरे सगळं काढून फक्त वस्तू ठेवा. मग तो गूगल लेन्समध्ये टाका. शेकडो प्रती दिसतील, त्यातल्या बहुतेक ‘अजब शोध’ छापाच्या पानांवरच्या. तिथे वाचत बसू नका. तोच फोटो ‘टिनआय’ या उलट शोधाच्या साइटवर टाका आणि निकाल ‘सर्वांत जुना आधी’ या क्रमाने लावा. जुन्या प्रतींच्या आसपास नाव असण्याची शक्यता जास्त, कारण फोटो जितके हात बदलतो तितकं श्रेय पुसट होत जातं. नाव मिळालं की ते अवतरणचिन्हांत टाकून शोधा आणि कलाकाराच्या स्वतःच्या साइटवर जा.

तिथे गेल्यावर नुसती चित्रं खाली सरकवू नका. प्रत्येक कामाखाली बारीक अक्षरात एक ओळ असते: नाव, वर्ष, साहित्य, मापं. ती वाचायची सवय लावा. पुष्कळदा गंमत त्या ओळीत आणि तिच्या खालच्या चार वाक्यांतच असते. अमेरिकन शिल्पकार आर्थर गॅन्सन यांचं १९९२ चं ‘मशीन विथ काँक्रीट’ पाहा. रीलमध्ये दिसतं ते इतकंच की एक मोटर गरगरते आहे, पुढे ओळीने दातेरी चाकं आहेत आणि शेवटी काँक्रीटचा ठोकळा. आता माहिती वाचा. मोटर मिनिटाला सुमारे २०० फेरे घेते. पुढे गिअरच्या १२ जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडी वेग पन्नासाव्या हिश्शावर आणते. शेवटचं चाक काँक्रीटमध्ये चक्क गाडलेलं आहे. एका टोकाला मोटर चालू, दुसरं टोक जाम, तरी काहीच मोडत नाही. कारण त्या शेवटच्या चाकाचा एक फेरा पुरा व्हायला दोन लाख कोटींहून जास्त वर्षं लागतील. कागद-पेन घेऊन पन्नासाचा बारावा घात काढा, त्याला २०० ने आणि मग वर्षातल्या मिनिटांनी भागा, खरंच तेवढी येतात. रील कापणाऱ्याने हा आकडा टाकून दिलेला असतो आणि त्याबरोबर विनोदही.

साइटवर आणखी दोन जागा बघण्यासारख्या असतात. एक म्हणजे प्रदर्शनांची यादी. सामूहिक प्रदर्शनाचं नाव शोधलं की त्याच धाटणीचे आणखी दहाजण एकत्र सापडतात, आणि ही निवड कुणा अल्गोरिदमची नसून डोळसपणे केलेली असते. दुसरी जागा म्हणजे इन्स्टाग्रामवरच्या त्यांच्या पानावरचा ‘टॅग केलेले’ हा कप्पा. प्रदर्शनाला गेलेल्या लोकांनी मोबाइलवर काढलेले हलते, वेडेवाकडे व्हिडिओ तिथे असतात. स्टुडिओतल्या देखण्या फोटोपेक्षा ते जास्त कामाचे. डॅनिअल रोझिन यांच्या १९९९ च्या लाकडी आरशाचंच घ्या. ८३० लाकडी चौकोन, प्रत्येकामागे छोटी मोटर आणि मधे एक कॅमेरा. समोर उभं राहिलं की चौकोन कमीजास्त कलतात आणि सावली-उजेडातून तुमचा चेहरा उमटतो. फोटोत ही एक तपकिरी फळी दिसते. समोर कुणी हात हलवणारा असेल तरच कळतं की ती काय करते, आणि आवाज चालू ठेवा, कारण ते चौकोन हलताना होणारी खडखड ऐकण्यासारखी आहे.

पायरी ३: ही वस्तू आहे का नुसतं चित्र?

आता ही पायरी टाळून चालत नाही. पूर्वी प्रश्न एवढाच असायचा की समोरचं डिझाइन बनवलेलं आहे की संगणकावर काढलेलं. काम्प्रानी यांच्या मालिकेतही सुरुवातीच्या बऱ्याच वस्तू त्रिमितीय चित्रं होती, प्रत्यक्ष नमुने पुढे तयार झाले. त्यात फसवणूक काही नाही, त्या स्वतःच तसं सांगतात.

याच्या अगदी उलट बाजूला जपानचं चिंदोगु. केंजी कावाकामी यांनी १९८० च्या दशकात मेल-ऑर्डर वस्तूंच्या एका मासिकाची उरलेली पानं भरताना हा प्रकार सुरू केला. डोळ्यात औषध नेमकं पडावं म्हणून काचांच्या जागी नरसाळी लावलेला चष्मा, गोंदाच्या कांडीसारखी फिरवून वर काढायची लोण्याची कांडी, अशा जवळजवळ निरुपयोगी वस्तू. त्याचे लेखी नियम आहेत. वस्तू खरोखर बनवलेली असली पाहिजे, ती विकायची नाही, तिचं पेटंट घ्यायचं नाही. म्हणजे संगणकावरचं चित्र चिंदोगु ठरत नाही. मजा अशी की १९९५ साली इंग्रजीत निघालेल्या त्यांच्या संग्रहात आजच्या सेल्फी स्टिकसारखी काठीही हसण्यावारी नेण्याच्या वस्तूंत होती.

आजची खरी डोकेदुखी एआयने केलेल्या चित्रांची. ‘खेड्यातल्या मुलाने बाटल्यांपासून बनवलेला हत्ती’ छापाच्या पोस्ट तुम्हीही पाहिल्या असतील. चित्रातल्या माणसांची बोटं मोजत बसण्यापेक्षा मी वेगळे प्रश्न विचारतो. करणाऱ्याचं नाव आहे का? वर्ष, माप, साहित्य दिलंय का? वस्तूची मागची बाजू कुठे दिसते का? अर्धवट झालेल्या अवस्थेतला, पसाऱ्यातला एखादा फोटो? कुणा तिऱ्हाइताने काढलेला व्हिडिओ? यातलं एकही मिळालं नाही तर मी ते कलेच्या यादीत धरत नाही आणि पुढेही पाठवत नाही.

पायरी ४: नेमाने कुठे डोकवायचं

चार-पाच साइट पुरे. जास्त केल्या की एकही वाचून होत नाही.

‘कोलॉसल’ ही शिकागोची साइट ख्रिस्तोफर जॉब्सन यांनी २०१० मध्ये सुरू केली. नवशिक्याला मी आधी हीच सांगतो. कागद, भरतकाम, मातीकाम, रस्त्यावरची चित्रं असं हाताने केलेलं काम तिथे खूप असतं, लेख आटोपशीर असतात आणि कलाकाराच्या पानाची लिंक दिलेली असते. तिला क्लिक केल्याशिवाय टॅब बंद करायचा नाही. ‘डिझाइनबूम’ (मिलान, १९९९) आणि ‘डेझीन’ (लंडन, २००६) या दोन्ही मोठ्या. त्यांचा मुख्य भर वास्तुरचना आणि वस्तूंवर, त्यामुळे गमतीचं काम खुर्च्यांच्या आणि व्हिलांच्या गर्दीत शोधावं लागतं. ‘इट्स नाइस दॅट’ २००७ पासून चालू आहे आणि ग्राफिक डिझाइन, चित्रं, ॲनिमेशन यांसाठी उत्तम.

या साइट फेसबुकवर किंवा इन्स्टावर फॉलो करण्यापेक्षा त्यांचं ईमेल वार्तापत्र घ्या किंवा फीडलीसारख्या फीड रीडरमध्ये (निवडलेल्या साइटचे नवे लेख एका जागी आणणारं ॲप) टाका. काय दाखवायचं ते मग त्यांचा संपादक ठरवतो, तुम्ही काल कोणत्या मांजरीच्या व्हिडिओवर थांबलात ते नाही.

एकेका माणसाचंही व्रत असतं. जपानचे तात्सुया तानाका २०११ पासून रोज एक चिमुकलं दृश्य टाकतात. ब्रोकोलीचे तुरे हे जंगल, पावाची लादी हा डोंगर, आणि मधे बोटाच्या पेराएवढी माणसं आपापली कामं करत असतात. बर्लिनचे चित्रकार क्रिस्टोफ नीमान यांची रविवारची रेखाटनं याच जातीची: खरी वस्तू कागदावर ठेवायची आणि भोवती शाईने उरलेलं चित्र पुरं करायचं. घरात मुलं असतील तर त्यांना ही दोन्ही दाखवा, पाच मिनिटांत स्वयंपाकघरातून लसणाच्या पाकळ्या पळवल्या जातील.

पायरी ५: संग्रहालयांची कोठारं

संग्रहालय म्हटलं की जुनं, असं गृहीत धरू नका. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१० मध्ये ईमेलच्या पत्त्यातलं ‘ॲट’ हे चिन्ह आपल्या डिझाइन संग्रहात घेतलं. विकत घ्यायला तिथे काहीच नव्हतं, तरी घेतलं. २०१२ मध्ये पॅक-मॅन आणि टेट्रिससह १४ व्हिडिओ गेम घेतले आणि २०१६ मध्ये जपानी मोबाइल कंपनीच्या १९९९ च्या मूळ १७६ इमोजी. हे सगळं त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतं.

न्यूयॉर्कचंच कूपर ह्यूइट हे डिझाइनचं संग्रहालय संग्रहातल्या वस्तू रंगानुसार शोधू देतं. हळदी रंग निवडला की जुना वॉलपेपर, रेडिओ, काचेचं भांडं सगळं एका रांगेत येतं. काय शोधायचं हे ठरलेलं नसताना भटकायला याहून बरी जागा मला माहीत नाही. ते ज्या स्मिथसोनियनचा भाग आहे, त्या संस्थेने २०२० मध्ये २८ लाख प्रतिमा कुणालाही वापरायला खुल्या केल्या. शाळेच्या प्रकल्पासाठी चित्र हवं असेल तर तिथून घ्या, विनापरवानगी कुणाचं उचलू नका. आपल्याकडे कलाकाराच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत कॉपीराइट असतो, त्यामुळे समकालीन म्हणजे जवळजवळ सगळंच कुणाच्या तरी मालकीचं.

पायरी ६: जिचं घर ब्राउझरच आहे अशी कला

मोबाइल ठेवा आणि शक्य असेल तर लॅपटॉप उघडा. राफाएल रोझेंडाल हे डच-ब्राझिलियन कलाकार एकेक वेबसाइट हीच एकेक कलाकृती म्हणून करतात. ‘पेपर टॉयलेट’वर कागदाची गुंडाळी आहे, ती ओढत राहायची. ‘जेलो टाइम’वर जेली आहे, तिला ढकललं की डुलते. संपलं! ते ही संकेतस्थळं संग्राहकांना विकतातही, आणि करारात अट अशी की साइट सगळ्यांना खुली ठेवायची. मालकाचं नाव फक्त वर ब्राउझरच्या पट्टीत दिसतं. नील अगरवाल यांची ‘नील डॉट फन’ ही जागा कला की खेळ असा वाद घालणारे घालोत. त्यांच्या २०२३ च्या ‘पासवर्ड गेम’मध्ये पासवर्डच्या अटी इतक्या विक्षिप्त होत जातात की बँकेचं ॲप त्यापुढे प्रेमळ वाटतं.

या प्रांतात मुंबईचं नाव लवकर लागलेलं आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकलेल्या शिल्पा गुप्ता यांनी २००३ मध्ये लंडनच्या टेट या कलासंग्रहालयासाठी ‘ब्लेस्ड बँडविड्थ’ ही वेबसाइट केली. नेटवर्कची केबल त्यांनी निरनिराळ्या धर्मांच्या स्थळी नेऊन तिला आशीर्वाद मिळवून दिला आणि पाहणाऱ्याने घरबसल्या क्लिक करून आपला धर्म निवडून तो घ्यायचा. ऑनलाइन दर्शन आणि घरपोच प्रसाद इतके रुळण्याआधीची ही गोष्ट, म्हणून आज ती जास्त बोचरी वाटते.

जुन्या नेट आर्टची पंचाईत अशी की ती मोडते. ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि खेळ चालवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला काढून घेतला आणि असंख्य कामं एका रात्रीत कोरी झाली. अशा वेळी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता टाकून पाहा. तिथल्या संग्रहात ‘रफल’ नावाच्या अनुकरण-यंत्रणेमुळे बरीच फ्लॅश कामं पुन्हा हलतात. ‘ऱ्हायझोम’ या संस्थेची ‘नेट आर्ट अँथॉलॉजी’ ही १०० कामांची निवडही आहे. इतिहास क्रमाने पाहायचा तर तिथून सुरुवात करावी.

आणि पाहून हात शिवशिवले तर ‘ओपनप्रोसेसिंग’वर जा. चित्रासोबत त्याचा कोडही दिसतो. कोड येत नसला तरी एखादा आकडा बदला आणि पुन्हा चालवा. काय बिघडतंय ते बघत बघत पुष्कळ कळतं.

पायरी ७: आपल्या अंगणातलं

मराठीत याचा सर्वांत मोठा साठा अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर आहे. आयआयटी कानपूरचा हा इंजिनीअर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून भूमितीचे आकार करायला शिकवू लागला. पुढे पुण्यात आयुकाच्या विज्ञानकेंद्रातून कचऱ्यातल्या खेळण्यांचं मोठं काम झालं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेळण्यांचे व्हिडिओ मराठीतही आहेत, पुस्तकं फुकट उतरवता येतात. कलादालनं त्यांना कलाकार म्हणतील न म्हणतील, मी म्हणतो.

आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाचा ‘डी-सोर्स’ हा प्रकल्प देशभरच्या कारागिरीची, खेळण्यांची आणि डिझाइनची छायाचित्रांसह माहिती मोफत देतो. इंग्रजी सोपं आहे.

अक्षरांत रस असेल तर गूगल फॉन्ट्स उघडा, देवनागरी निवडा आणि नमुन्याच्या जागी आपलं नाव टाका. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या गटाचा ‘मोदक’ लावून पाहा. अक्षरं इतकी गुबगुबीत की आतल्या मोकळ्या जागेच्या फक्त रेघा उरल्यात, तरी वाचता येतं. ‘म’ आणि ‘भ’ शेजारीशेजारी ठेवून मोठे करा आणि गाठ कुठे दडवली आहे ते शोधा. ‘यात्रा वन’ हा फॉन्ट मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला. तो लावून ‘विक्रोळी’ लिहिलं की लगेच ओळख पटते.

मुंबईत २०१५ मध्ये संकेत अवलानी यांनी ‘टॅक्सी फॅब्रिक’ सुरू केलं होतं. तरुण डिझायनरांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या सीटपासून छतापर्यंतचं कापड डिझाइन करायचं आणि चालकाने ती टॅक्सी रोजच्यासारखी चालवायची. प्रीमिअर पद्मिनी ही जुनी टॅक्सी तर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेलीच, त्यामुळे ते आतले भाग आता फोटोंतच पाहायचे. चित्रकार समीर कुलावूर यांनी ज्या निळ्या ताडपत्रीकडे आपण जूनपासून रोज पाहतो तीच चित्रविषय केली. गोव्यात पिळर्ण येथे सुबोध केरकरांचं ‘म्युझियम ऑफ गोवा’ २०१५ पासून आहे. जायच्या आधी त्यांचं पान चाळून ठेवा.

पायरी ८: साठवण आणि पत्र

स्क्रीनशॉट काढून ठेवणं म्हणजे हरवणं. गॅलरीत लग्नाच्या फोटोंखाली ते कायमचे गडप होतात. ‘अरेना’ नावाची एक जागा आहे (पत्त्यात शेवटच्या दोन अक्षरांआधी टिंब). तिथे लाइक नाहीत, जाहिराती नाहीत. आपला एक चॅनेल उघडायचा आणि लिंका टाकायच्या. तीच लिंक आणखी कुणाच्या चॅनेलमध्ये आहे तेही दिसतं, आणि मग त्या अनोळखी माणसाचा सगळा संग्रह चाळता येतो. ते नको असेल तर साधी स्प्रेडशीट चालते. रकाने पाच: नाव, काम, वर्ष, लिंक आणि ‘काय आवडलं’. शेवटचा रकाना कंटाळा न करता भरा. ‘भारी’ लिहू नका. ‘तोटी फक्त मागे वळवली, बाकी झारीला हातही लावला नाही’ असं लिहा.

यातले बरेचजण एकटे काम करतात आणि साइटवर त्यांचा ईमेल असतो. लिहा त्यांना. ‘तुमचं काम ग्रेट आहे’ याला उत्तर काय देणार? एकच नेमका प्रश्न विचारा: ही दोरी कुठली, हा तुकडा कशाने चिकटवला, किती वेळा मोडलं. पत्र चार ओळींचं असू द्या, फुकट फाइल मागू नका, आणि ज्या कामाबद्दल विचारताय त्याची लिंक जोडायला विसरू नका.